दगडांचा प्रवास : मेक्सिकोतील संग्रहालये, पिरॅमिड आणि एक रिकामी घळ

१६ एप्रिल १९६४. मेक्सिको सिटीच्या रस्त्यांवर त्या रात्री हजारो लोक एका पाहुण्याची वाट पाहत उभे होते. मध्यवर्ती सोकालो चौकातच सुमारे २५ हजारांची गर्दी लोटली होती. पाहुण्याची उंची सात मीटर आणि वजन सुमारे १६७ टन होते. पाहुणा म्हणजे एक दगड, आणि त्याचे नाव त्लालोक, म्हणजे पावसाचा देव. मेक्सिकोच्या खोऱ्यात पावसाळा सुरू व्हायला अजून काही आठवडे अवकाश होता. तरीही देवाची स्वारी शहरात शिरली आणि आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळला.

ही गोष्ट मेक्सिकोतील मार्गदर्शक आजही आवडीने सांगतात. मेक्सिको सिटीच्या कोणत्याही पर्यटन-पत्रकात ‘ऐच्छिक सहली’ या सदराखाली सहसा तीन नावे असतात : मानववंशशास्त्राचे राष्ट्रीय संग्रहालय, तेओतिवाकानचे पिरॅमिड आणि शहराच्या मध्यभागी उघडे पडलेले तेम्प्लो मायोर, म्हणजे अझ्टेकांचे महामंदिर. अर्धा दिवस, एक बस, एक मार्गदर्शक. पावसाची गोष्ट ऐकून प्रवासी हसतात, छायाचित्रे काढतात आणि बस पुढे जाते. ज्या गावातून तो दगड आणला, त्या गावाचे नाव मात्र क्वचितच कुणाच्या लक्षात राहते.

त्या गावाचे नाव कोआत्लिंचान. राजधानीच्या पूर्वेला, तेश्कोको शहराजवळ. गावाबाहेरच्या एका घळीत ही प्रचंड अर्धवट कोरलेली मूर्ती शतकानुशतके उताणी पडून होती. गावकरी तिला ‘तेकोमातेंचा दगड’ म्हणत. तेकोमाते म्हणजे भोपळ्याच्या किंवा मातीच्या वाट्या. मूर्तीच्या अंगावर तशा वाटीच्या आकाराचे खळगे आहेत, त्यावरून हे नाव पडले. सुट्टीच्या दिवशी कुटुंबे तेथे शिदोरी घेऊन जात, मुले दगडावर चढून खेळत, आणि पावसाचे व पाण्याचे गावाशी असलेले नाते या दगडातून जाते अशी श्रद्धा होती. गावकुसाबाहेरच्या शेंदूर फासलेल्या दगडाशी माणसाचे काय नाते असते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ही गोष्ट निराळी समजावून सांगण्याची गरज नाही.

विद्वानांना हा दगड एकोणिसाव्या शतकातच ठाऊक झाला होता. इतिहासकार आल्फ्रेदो चावेरो यांच्या मते ही मूर्ती देवाची नव्हे, देवीची होती : चाल्चिउत्लिक्वे, नद्या-सरोवरांची अधिष्ठात्री. पुढे पुराणवस्तूंचे सरकारी निरीक्षक लेओपोल्दो बात्रेस यांनी तिला त्लालोक ठरवले. सरकारदरबारी बात्रेस यांचे मत रूढ झाले आणि देवाचे नाव पक्के झाले. अभ्यासकांतील वाद मात्र मिटला नाही. म्हणजे ज्या पाहुण्याच्या स्वागताला ती गर्दी जमली होती, तो पाहुणा की पाहुणी, हाही प्रश्न उरतोच.

१९६० च्या दशकाच्या आरंभी राष्ट्राध्यक्ष आदोल्फो लोपेझ मातेओस यांच्या सरकारने चापुल्तेपेक उद्यानात नवे राष्ट्रीय संग्रहालय उभारण्याचे ठरवले. वास्तुविशारद होते पेद्रो रामिरेझ वास्केझ. त्यांनी एका विस्तीर्ण चौकाभोवती दालने मांडली आणि चौकावर एकाच खांबाने तोललेले अवाढव्य छत्र उभारले. त्या खांबावरून पाण्याची धार अखंड कोसळत राहते. प्रवेशद्वारापाशी तितकेच भव्य काहीतरी हवे होते. नजर कोआत्लिंचानच्या घळीकडे वळली.

दगडाच्या बदल्यात गावाला रस्ता, शाळा आणि दवाखाना देण्याचे आश्वासन मिळाले. मूर्ती उचलण्यासाठी पोलादी सांगाडा उभा राहिला, अनेक चाकांचा खास ट्रेलर आला. प्रत्यक्ष दगड हलण्याची वेळ आली तेव्हा गाव उठले. गावकऱ्यांनी सांगाड्याच्या तारा तोडल्या, ट्रेलरच्या चाकांतील हवा काढली आणि दगड पुन्हा आपल्या जागी बसला. मग सैन्य आले. एप्रिलमध्ये बंदोबस्तात देव निघाला. वाटेतील विजेच्या आणि टेलिफोनच्या तारा त्याच्यासाठी बाजूला घ्याव्या लागल्या. गावाला पुढे शाळाही मिळाली, दवाखानाही मिळाला. या व्यवहाराला देवाणघेवाण म्हणावे की जप्ती, हे सांगणारा कोण आहे यावर ठरते. राजधानीत ज्या पावसाला चमत्कार मानले गेले, तोच पाऊस कोआत्लिंचानच्या लोकांना देव रागावल्याची खूण वाटला असल्यास नवल नाही.

मेक्सिकोत प्राचीन दगड आणि सत्ता यांचा असा सामना झाला, तो काही पहिल्यांदा नव्हे. त्यासाठी पावणेदोनशे वर्षे मागे जावे लागते.

१३ ऑगस्ट १५२१ रोजी एर्नान कोर्तेस याच्या सैन्यापुढे आणि त्याच्या स्थानिक मित्रराष्ट्रांपुढे तेनोच्तित्लान पडले. सरोवरातील बेटावर वसलेली ही अझ्टेकांची, म्हणजे स्वतःला ‘मेशिका’ म्हणवणाऱ्या लोकांची राजधानी. विजेत्यांनी मंदिरे पाडली, त्यांच्याच दगडांतून नवे शहर उभारले आणि मोठ्या मूर्ती जमिनीत गाडल्या. बरोबर २६९ वर्षांनी, १३ ऑगस्ट १७९० रोजी, व्हाइसरॉय रेविल्याहिहेदो याच्या हुकुमावरून मुख्य चौकाची फरसबंदी नव्याने करताना मजुरांची कुदळ एका कोरीव दगडाला लागली. तारखेचा हा योग कुणी जुळवलेला नव्हता, पण कादंबरीकारालाही तो सहज सुचला नसता.

बाहेर आली ती कोआत्लिक्वे, ‘सर्पांचा घागरा नेसलेली’ देवमाता. अडीच मीटरांहून उंच. मस्तकाच्या जागी मानेतून उसळलेले दोन सर्प समोरासमोर आलेले, गळ्यात मानवी हात आणि हृदये यांची माळ, मध्ये कवटी. सर्वांत विलक्षण गोष्ट म्हणजे मूर्तीच्या तळपायाखालचा भागही कोरलेला आहे. तेथे पृथ्वीदेवतेची आकृती आहे. ती मातीला टेकलेली असल्यामुळे ती कुणा माणसाने पाहावी अशी योजनाच नव्हती. संग्रहालयातील प्रत्येक वस्तू पाहण्यासाठी असते, ही समजूत या एका शिल्पापुढे गळून पडते.

त्याच वर्षीच्या १७ डिसेंबरला चौकातच दुसरा दगड सापडला. साडेतीन मीटरांहून अधिक व्यासाची आणि सुमारे २४ टन वजनाची ही चकती पुढे ‘सूर्यशिला’ म्हणून जगप्रसिद्ध झाली. नाण्यांवर, टी-शर्टांवर, चहाच्या मगांवर जी ‘अझ्टेक दिनदर्शिका’ दिसते ती हीच. वस्तुतः ती भिंतीवर टांगून तारखा पाहण्याची दिनदर्शिका नव्हेच. तिच्यावर वीस दिवसांची चिन्हे आणि आधीच्या चार युगांच्या खुणा आहेत, पण तिचा विषय आहे विश्वाच्या उत्पत्ती-विनाशाचे चक्र आणि सूर्य.

दोन दगड, एकाच चौकात, एकाच वर्षी सापडलेले. नशीब मात्र वेगळे. सूर्यशिलेत वसाहतीच्या राज्यकर्त्यांना गणित दिसले, खगोल दिसला, शास्त्र दिसले. ती कॅथीड्रलच्या मनोऱ्याच्या भिंतीत सन्मानाने बसवली गेली आणि १८८५ पर्यंत तेथेच येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसत राहिली. कोआत्लिक्वेची रवानगी विद्यापीठाच्या प्रांगणात झाली. तेथे एक अनपेक्षित प्रकार सुरू झाला. स्थानिक मूलनिवासी लोक येऊ लागले, मूर्तीपुढे फुले आणि मेणबत्त्या ठेवू लागले. जवळजवळ पावणेतीनशे वर्षांचे धर्मांतर, चर्च, शिक्षण, सारे झाल्यावरही! विद्यापीठाच्या धर्मगुरूंना हे सोसले नाही. मूर्ती पुन्हा जमिनीत पुरली गेली.

१८०३ साली जर्मन निसर्गशास्त्रज्ञ आलेक्झांडर फॉन हम्बोल्ट मेक्सिकोत आले. विद्वान आंतोनिओ दे लेऑन इ गामा यांनी १७९२ मध्ये या दोन दगडांवर ग्रंथ प्रसिद्ध केला होता, त्यामुळे मूर्तीची कीर्ती पसरलेली होती. हम्बोल्ट यांनी ती पाहण्याची इच्छा व्यक्त केली. एका बिशपने मध्यस्थी केली, जमीन खोदली, हम्बोल्ट यांनी मूर्ती पाहिली आणि ती पुन्हा पुरली. स्वातंत्र्यानंतर, १८२३ साली, विल्यम बुलक नावाचा इंग्रज प्रदर्शक आला. पुन्हा खोदकाम झाले. त्याने मूर्तीचा साचा घेतला आणि १८२४ मध्ये लंडनच्या पिकाडिली रस्त्यावरील इजिप्शियन हॉलमध्ये तिकीट लावून ‘प्राचीन मेक्सिको’ मांडला. मूर्ती पुन्हा मातीखाली गेली. ज्या लोकांची ती देवता होती, त्यांनी ती पाहिली तर तो मूर्तिपूजेचा धोका, आणि परदेशी पाहुण्याने पाहिली तर ती ज्ञानसाधना. या एका विसंगतीत वसाहतकालीन संग्रहालयाचा जन्म दडलेला आहे असे म्हटले तर ते फारसे चुकणार नाही.

१८२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्वादालुपे विक्तोरिया यांच्या काळात राष्ट्रीय संग्रहालयाची स्थापना झाली आणि हळूहळू दगडांना अधिकृत घर मिळाले. १८८५ मध्ये सूर्यशिला कॅथीड्रलमधून हलवली गेली. १८८७ साली पोर्फिरिओ दियाझ यांच्या राजवटीत, जुन्या टांकसाळीच्या इमारतीत अजस्र शिल्पांचे खास दालन उघडले गेले. आता देव राष्ट्राचे झाले होते.

हेच दियाझ तेओतिवाकानच्या सहलीचेही एक जनक म्हणावे लागतील. राजधानीपासून पन्नासेक किलोमीटरवर असलेले हे नगर अझ्टेकांचे नव्हे, ही गोष्ट अनेक प्रवाशांना बसमध्येच कळते. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत ते भरभराटीला आले. ऐन वैभवाच्या काळात तेथे लाखभर लोक राहत असावेत. सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास त्याचा मध्यभाग आगीत जळाला. अझ्टेक या खोऱ्यात आले तेव्हा कित्येक शतकांपूर्वीच ते उजाड झाले होते. मूळ नाव हरवलेले होते. ‘तेओतिवाकान’, म्हणजे जेथे देव घडले ती जागा, हे नाव नाहुआत्ल भाषेतले, नंतरचे. मृतांचा मार्ग, सूर्याचा पिरॅमिड, चंद्राचा पिरॅमिड ही नावेही मूळ रहिवाशांची नव्हेत. अझ्टेकांच्या पुराणात याच जागी देवांनी अग्नीत उडी घेतली आणि आजचा सूर्य उगवला. सोळाव्या शतकातील नोंदींनुसार अझ्टेक राजा तेथे धर्मविधींसाठी जात असे. एवढेच नव्हे, तेनोच्तित्लानच्या महामंदिरात पुरलेल्या नैवेद्यात तेओतिवाकानचे मुखवटे सापडले आहेत, आणि एक ओल्मेक मुखवटा तर अझ्टेकांच्याच काळी दोन हजार वर्षांचा जुना होता. प्राचीन स्थळे पाहायला जाणारे, तेथील वस्तू जपून ठेवणारे लोक कोलंबसाच्या आधीही या भूमीवर होते. त्यांना त्यासाठी मार्गदर्शक लागत नव्हता, पुरोहित लागत होता.

१९१० साली मेक्सिकोच्या स्वातंत्र्यलढ्याला शंभर वर्षे पूर्ण होणार होती. दियाझ यांना जगापुढे मिरवण्यासाठी इजिप्तच्या तोडीचे काहीतरी हवे होते. काम सोपवले गेले त्याच लेओपोल्दो बात्रेस यांच्याकडे. १९०५ पासून त्यांनी सूर्याच्या पिरॅमिडवरील माती, झाडोरा आणि ढिगारे काढायला सुरुवात केली. घाई होती, तंत्र अपुरे होते. माती काढता काढता पिरॅमिडच्या मूळ अंगाचाही जाड थर काही बाजूंनी खरवडला गेला. आतील कच्च्या विटांचा गाभा पावसात विरघळू लागला, तेव्हा सिमेंटची मलमपट्टी करावी लागली. पिरॅमिडवर आज जे टप्पे मोजले जातात, त्यांतील एक टप्पा बात्रेस यांच्या चुकीच्या पुनर्रचनेतून आला आहे. लाखो छायाचित्रांत झळकणारा हा ‘प्राचीन’ आकार काही अंशी विसाव्या शतकाचा आहे.

सप्टेंबर १९१० मध्ये अमेरिकाविद्येच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे प्रतिनिधी मेक्सिकोत जमले आणि त्यांना तेओतिवाकानची सहल घडवण्यात आली. उंची पोशाखातील विद्वान, नुकताच साफसूफ केलेला पिरॅमिड, यजमानपदी एक वृद्ध हुकूमशहा. दोन महिन्यांनी, २० नोव्हेंबर ही क्रांतीची तारीख ठरली. मे १९११ मध्ये दियाझ सत्ता सोडून परागंदा झाले.

क्रांतीने दिलेली एक चांगली देणगी म्हणजे मानुएल गामिओ. १९१४ साली राजधानीतील एका रस्त्याच्या कोपऱ्यावर त्यांना महामंदिराचा एक कोपरा सापडला आणि ते मंदिर नेमके कोठे होते हे प्रथमच ठोसपणे कळले. त्यांचे त्याहून मोठे काम मात्र तेओतिवाकानचे आहे. गामिओ यांनी पिरॅमिडच मोजला नाही. पिरॅमिडच्या सावलीत राहणाऱ्या शेतकऱ्यांची जमीन, आहार, आरोग्य, कर्ज, भाषा, सणवार यांचाही अभ्यास त्यांच्या पथकाने केला. १९२२ साली तो प्रसिद्ध झाला. ज्यांच्या पूर्वजांचा वारसा म्हणून दगड पुजले जात होते, ती माणसे स्वतः भूमिहीन आणि कुपोषित होती, हे त्या ग्रंथाने आकड्यांनिशी मांडले. पुरातत्त्वावरची पुस्तके पुष्कळ आहेत, पण ढिगाऱ्याशेजारच्या झोपडीकडेही वळून पाहणारी विरळाच.

१७ सप्टेंबर १९६४ रोजी चापुल्तेपेकमधील नव्या संग्रहालयाचे उद्घाटन झाले. त्याची रचना नीट पाहण्यासारखी आहे. चौकाच्या टोकाशी, प्रवेशद्वाराच्या अगदी समोर, मेशिका दालन. त्याच्या मध्यभागी, देव्हाऱ्यात ठेवावी तशी सूर्यशिला. माया, ओल्मेक, सापोतेक, तेओतिवाकान ही सारी दालने दोन्ही बाजूंना. ही मांडणी सर्वांना रुचली नाही. कवी ओक्ताव्हिओ पाझ तेव्हा भारतात मेक्सिकोचे राजदूत होते. २ ऑक्टोबर १९६८ रोजी मेक्सिको सिटीतील त्लातेलोल्को येथे, ऑलिम्पिकला दहा दिवस उरले असताना, सैन्याने विद्यार्थ्यांच्या सभेवर गोळीबार केला. तोही एका प्राचीन मंदिराच्या अवशेषांना लागून असलेल्या चौकात. पाझ यांनी दिल्लीतील राजदूतपद सोडले. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पोस्दाता’ या पुस्तकात त्यांनी या संग्रहालयावरच बोट ठेवले : संग्रहालय सारा प्राचीन इतिहास अझ्टेक सत्तेत परिपूर्ण झाल्यासारखा दाखवते, आणि पिरॅमिडच्या शिखरावरून हुकूम सोडणाऱ्या सत्तेची ही छुपी पूजाच आहे, असा त्यांचा आशय होता. त्या ऑलिम्पिकच्या आयोजन समितीचे अध्यक्ष होते पेद्रो रामिरेझ वास्केझ, संग्रहालयाचे वास्तुविशारद.

पाझ यांची टीका थोडी कठोर आहे. इतक्या देखण्या, इतक्या विचारपूर्वक बांधलेल्या संग्रहालयाला केवळ सत्तेचे मंदिर म्हणणे अन्यायाचे होईल. शिवाय संग्रहालयाला वरचा मजलाही आहे, आणि तेथे आजच्या मूलनिवासी समाजांची घरे, वस्त्रे, विणकाम, उत्सव मांडलेले आहेत. खाली मेलेला इतिहास, वर जिवंत माणसे. दोन तासांच्या सहलीत मात्र जिना चढायला वेळ उरत नाही.

२१ फेब्रुवारी १९७८ च्या पहाटे वीज कंपनीचे कामगार कॅथीड्रलजवळच्या रस्त्यात खोदत असताना त्यांना आणखी एक गोल शिला लागली. सव्वातीन मीटर व्यासाच्या त्या दगडावर हात-पाय-मस्तक तोडलेली एक स्त्री कोरलेली होती. ती कोयोल्शाऊकी. कथा अशी : कोआतेपेकच्या टेकडीवर झाडलोट करणाऱ्या कोआत्लिक्वेला पिसांच्या गोळ्यापासून गर्भ राहिला. लाज वाटून तिची मुलगी कोयोल्शाऊकी चारशे भावांना घेऊन आईला मारायला निघाली. त्याच क्षणी वित्सिलोपोच्त्ली सशस्त्र जन्मला, त्याने बहिणीचे तुकडे केले आणि ते टेकडीवरून खाली भिरकावले. शिला सापडली ती महामंदिराच्या वित्सिलोपोच्त्लीकडील जिन्याच्या पायथ्याशी. म्हणजे मंदिर ही टेकडीच होती, आणि पायथ्याचा दगड पुराणातील त्याच जागी बसवलेला होता.

येथे एक फरक झाला. एदुआर्दो मातोस मोक्तेसुमा यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन सुरू झाले. त्यासाठी वसाहतकाळातील आणि नंतरच्या कित्येक इमारती पाडाव्या लागल्या, त्यावर वादही झाला. पण शिला चापुल्तेपेकला गेली नाही. १२ ऑक्टोबर १९८७ रोजी अवशेषांना लागूनच तेम्प्लो मायोरचे संग्रहालय उघडले. वास्तुविशारद पुन्हा रामिरेझ वास्केझच. आज प्रवासी आधी मंदिराचे एकात एक दडलेले टप्पे पाहतो आणि मग काही पावलांवर ती शिला. दगड आपल्या जागेजवळच राहिला की त्याची कथा सांगायला फारसे शब्द लागत नाहीत. कोआत्लिक्वे मात्र चापुल्तेपेकमध्ये, मुलीपासून काही किलोमीटरवर उभी आहे.

आणि कोआत्लिंचानचा तो पावसाचा देव, किंवा पाण्याची देवी? ती मूर्ती संग्रहालयाच्या दालनात नाही. पासेओ दे ला रेफोर्मा या राजरस्त्याच्या कडेला, पाण्याच्या कुंडात, उन्हापावसात उभी आहे. तिला पाहायला तिकीट लागत नाही. गावात २००७ साली मुख्य चौकात तिची प्रतिकृती बसवण्यात आली. सांद्रा रोझेन्ताल आणि जेसी लर्नर यांनी २०१३ मध्ये या साऱ्या प्रकरणावर माहितीपट काढला. त्याचे नाव ‘ला पिएद्रा आउसेन्ते’, म्हणजे अनुपस्थित दगड. १९६४ मध्ये लहान असलेली माणसे त्या दगडाच्या आठवणी अजून सांगतात : कोण कुठे बसायचे, कोणत्या खळग्यात पाणी साचायचे. घळ अजून तेथेच आहे, गावातून पायी जाता येते.